स्टेअरिंग एक, हात आठ

प्रश्न: मावशी, आम्ही चौघं मित्र, सगळे सत्तावीस-अठ्ठावीसचे. एकाच्या वडिलांचं वाडीला गॅरेज आहे, एक बँकेत, एक मिहानला सॉफ्टवेअरमध्ये आणि मी एमआर. दर रविवारी पहाटे गाडी काढतो, कधी पेंच, कधी चिखलदरा. मागच्या महिन्यात समृद्धीवर एकशे साठ लावली. आता ठरवलंय की हौशी रेसिंग टीम काढायचीच. २००५ ची एक एस्टीम बघून ठेवली आहे, प्रत्येकी चाळीस हजार काढणार. प्रश्न दोन. सुरुवात कुठून करायची? आणि चालवायची तर चौघांनाही आहे, मग ड्रायव्हर कोण? घरी अजून कोणी सांगितलेलं नाही. ता. क. टीमला एखादं जोरदार नाव सुचवा.
स्टेअरिंगवाला, मानेवाडा, नागपूर

उत्तर:

अरे स्टेअरिंगवाल्या,

आधी समृद्धीचं. दहावीचे टक्के सांगावेत तसं ते वाक्य तू लिहिलं आहेस. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. १६० ला गाडी सेकंदाला ४४ मीटर जाते. समोर काही दिसलं, ते डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ६५ मीटर रस्ता संपला आणि ब्रेक अजून लागायचाच आहे. त्यापुढे थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, १२० च्या जवळजवळ पावणेदोन पट. आणि एवढं करून शिकलात काय? शिवमडक्याहून सुटलेला तो सरळसोट काँक्रीटचा रस्ता. तिथे उजवा पाय दाबून धरायचा असतो, ते माझ्या शेजारणीचा सातवीतला पोरगाही करेल. रेसिंग शिकायचं ते ब्रेकवर आणि वळणावर.

कायद्याचं एकदाच सांगते, परत काढणार नाही. शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेग अजमावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. रात्री मिहानच्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर चालतं तेही यातच आलं. पाच हजार तुम्हाला जड वाटणार नाहीत, पण गाडीच्या विम्याचे कागद काढून बघ. ‘वापराच्या मर्यादा’ असं लिहिलेलं असतं, त्याखाली संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली सापडेल. तशा वेळी कोणाला लागलं, तर भरपाईचं ओझं चाळीस-चाळीस हजार काढणाऱ्या चार पोरांच्या डोक्यावर येऊ शकतं.

रीतसर बंद केलेल्या रस्त्यावरही काय होऊ शकतं तेही ऐकून ठेव. २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीचा टप्पा सुरू असताना एक दुचाकी त्या रस्त्यावर आली आणि एकाच कुटुंबातले तिघं गेले. रॅलीतली गाडी देशातल्या अव्वल ड्रायव्हरच्या हातात होती.

आता तुझा पहिला प्रश्न. आपल्या नागपूरची गंमत अशी की देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माइल आपल्याकडे, त्यामुळे सगळंच सारखं लांब. चारचाकीच्या शर्यतीचे नावाजलेले ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. यातला नागपूरला जवळ म्हणावा असा एकही नाही. चेन्नई आणि नोएडा दोन्ही हजार-अकराशे किलोमीटर, कोइम्बतूर त्याहून पुढे. रेसिंगसाठी तयार केलेली गाडी तिथवर चालवत नेता येत नाही, टेम्पोवर किंवा ट्रेलरवर चढवावी लागते. ओढणारी गाडी लिटरला दहा देते असं धर. चेन्नईला जाऊन येऊन २२० लिटर. लिटरचे शंभर धरले तरी बावीस हजार नुसत्या इंधनाचे. टोल वेगळा, राहणं वेगळं, टायर वेगळे. तुमच्या एक लाख साठ हजारांतून एस्टीम घेतल्यावर अशा किती फेऱ्या उरतात याचा हिशेब बँकवाल्याला करायला सांग.

म्हणून माझं म्हणणं असं की सहा महिने एस्टीम विसरा. टीम काढा, गाडी काढू नका. तुमच्याकडे रविवार आहे, रस्त्यावर चालणारी धड गाडी आहे आणि पहाटे उठायची सवय आहे. टीएसडी नावाच्या प्रकाराला एवढंच लागतं.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात जोरात जाणारा जिंकत नाही, ठरल्या वेळेला पोचणारा जिंकतो. आयोजक रोडबुक देतात. त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असतं, त्याला ट्युलिप म्हणतात. ठिपका म्हणजे तू जिथून येतोयस ती बाजू, बाण म्हणजे जायची दिशा. सोबत कुठून कुठवर किती सरासरी वेग ठेवायचा त्याचा तक्ता. मधे कुठेतरी, आधी न सांगता, मार्शल म्हणजे आयोजकांची वेळ टिपणारी माणसं घड्याळ घेऊन बसलेली असतात. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. सरासरी नेहमीच रस्त्याच्या मर्यादेच्या आत ठेवलेली असते, म्हणून हे चालू रस्त्यावर करता येतं. स्पर्धेचं नाव देऊन लोकांना बोलवायचं झालं तर परवानग्या आल्या. चौघांनी आपापसात सराव करायचा असेल तर तो चोख वेळ पाळत केलेला प्रवास आहे, एवढंच.

सोपं वाटतंय ना? ३६ ची सरासरी घे. ३६ म्हणजे बरोबर शंभर सेकंदांत एक किलोमीटर, म्हणून शिकायला हाच आकडा बरा. आता कळमेश्वरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं समज, आणि चार मिनिटं गेली. २४० सेकंदांचा खड्डा पडला. तो भरायला किती जोरात जायचं? तुझा पाय म्हणेल ऐंशी. नेव्हिगेटरनं, म्हणजे शेजारी बसून वाट आणि वेळ सांभाळणाऱ्यानं, गणित केलं तर ४५ पुरतं. ४५ ला किलोमीटरला ८० सेकंद लागतात, दर किलोमीटरला वीस वाचतात, बारा किलोमीटरमध्ये हिशेब चुकता. ही आकडेमोड हलत्या गाडीत, कागदावर, फाटकावरचा ट्रकवाला हॉर्न वाजवत असताना करायची असते. मी स्वतः नव्वदच्या दशकात नेव्हिगेटरच्या सीटवर बसायची. गळ्यात दोऱ्याला दोन स्टॉपवॉच, मांडीवर फळा, आणि ड्रायव्हर माझा मामेभाऊ. तो गाडी फार देखणी चालवायचा. उजवीकडे म्हटलं की डावीकडे वळायचा तेवढंच.

तर पहिला मार्ग सुचवते. नागपूर, कळमेश्वर, धापेवाडा, अदासा, सावनेर, पारशिवनी, रामटेक. शंभरच्या आसपास किलोमीटर होतील. वळणं आहेत, गावं आहेत, चुकायला पुष्कळ वाव आहे. धापेवाड्याला विठोबा, अदाशाला गणपती, रामटेकला गड, त्यामुळे घरी सांगायलाही सोयीचं. ऑक्टोबरात जात असाल तर डोळे उघडे ठेवा, सोयाबीन रस्त्यावरच वाळत घातलेलं असतं. ते त्या माणसाचं वर्षाचं पीक आहे, त्यावरून गाडी घालायची नाही. थांबायचं, वळसा घालायचा, सेकंद गेले तर गेले. पोळ्याच्या दोन दिवसांत तर निघूच नका, रस्ता बैलांचा असतो. पेंचकडचे आणि उमरेड-कऱ्हांडल्याकडचे रस्ते या सरावातून वगळा. तिकडे हरणं-डुकरं आडवी येतात, तिकडे आपलं फिरायलाच जावं.

निघायच्या आधी गाडीचं मीटर तपासा. हायवेचे किलोमीटरचे दगड बघत दहा किलोमीटर चालवा, मीटर किती दाखवतो ते लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांचा मीटर थोडा पुढे-मागे असतो आणि टायर झिजला की आणखी बदलतो. रॅलीत आयोजक यासाठी मोजलेला तुकडा देतात, तुम्हाला तो स्वतःच काढावा लागेल. वाडीवाल्याला हे काम आवडेल.

आता दुसरा प्रश्न, ड्रायव्हर कोण. खरं तर तुझं पत्र याच्यासाठीच आहे. चौघांनीही हात वर केला आहे आणि एकानंही ‘मी घड्याळ धरतो’ म्हटलेलं नाही. बावा, जिथे चौघंही ड्रायव्हर असतात तिथे सहा महिन्यांत चार टीम होतात.

चार खुर्च्या ठरवा. एक चालवणार. एक रोडबुक वाचणार आणि वळणं सांगणार. एक मागे बसून घड्याळ आणि गणित बघणार. आणि चौथा अर्धा तास आधी मोटरसायकलवर निघून, रस्त्यात कुठेतरी, तुम्हाला न सांगता, मार्शल होऊन बसणार. गाडी समोरून गेली की सेकंदासह वेळ लिहायची. फोनची घड्याळं सगळ्यांची एकच वेळ दाखवतात, त्यामुळे आमच्यासारखं रेडिओवरच्या पिप्-पिप्‌ची वाट बघत बसायचं कारण नाही. दर रविवारी खुर्च्या फिरवा. आठ रविवारांत प्रत्येक जण प्रत्येक खुर्चीत दोनदा बसेल. सगळे कागद जपून ठेवा आणि आठव्या रविवारी एकत्र मांडा.

त्यात सर्वांत जलद कोण हे शोधू नका, ते तिथे सापडणारच नाही. दोन्ही वेळा कोणाचा फरक सारखाच आला ते बघा. पहिल्या रविवारी चार सेकंद आणि दुसऱ्या खेपेला पाच सेकंद चुकणारा पोरगा, एकदा शून्य आणि एकदा नव्वद चुकणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. सर्किटवरही हेच आहे. दहा चकरांपैकी एक झकास मारणाऱ्याला टाळ्या मिळतात, दहाही जवळजवळ सारख्या मारणाऱ्याच्या हाती गाडी देतात. आणि माझा अंदाज सांगू? तुमच्यात नेव्हिगेटर बँकवाला निघेल आणि तू मार्शल म्हणून झाडाखाली बसलेला असताना तुला कळेल की तुझ्याशिवायही गाडी वेळेवर येते. त्या दिवशी जरा वाईट वाटेल. वाटू दे.

मधल्या काळात आणखी एक करा. एफएमएससीआय ही आपल्याकडची मोटर स्पोर्ट्सची राष्ट्रीय संस्था. तिच्या मान्यतेनं होणारी ऑटोक्रॉस किंवा रॅली महाराष्ट्रात कुठे आहे ते बघा. पुण्याकडे, नाशिककडे होतात. पहिल्या वेळी भाग घ्यायला जाऊ नका, स्वयंसेवक म्हणून जा. प्रत्येक आयोजकाला उन्हात झेंडा धरून उभी राहणारी माणसं कमी पडतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओलांडायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून तुझ्याहून वेगवान गाडी येते आहे. हे पुस्तकात पाच मिनिटांत पाठ होतं. पण दिवसभर झेंडा हातात धरला की कोण कुठे ब्रेक मारतं, कोणाची गाडी कशानं बंद पडते, कोण मेकॅनिकवर ओरडतं, हे सगळं फुकटात बघायला मिळतं. ऑटोक्रॉस तुमच्यासारख्यांसाठीच आहे. मोकळं मैदान, आखलेला वळणांचा मार्ग, घड्याळाशी स्पर्धा, बराचसा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. चुकलं तर बहुधा धूळ खाल, शंकू उडवाल. स्पर्धेत उतरायचं झालं की परवाना लागतो, त्यासाठी वैद्यकीय तपासणी होते. ज्याला सर्किटचीच ओढ आहे त्यानं एकदा चेन्नई-कोइम्बतूरकडच्या एखाद्या रेसिंग स्कूलला जाऊन यावं. गाडी त्यांची, ट्रॅक त्यांचा, शिकवणारे त्यांचे, तू रेल्वेनं जायचं. ट्रेलर ओढण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

पैशांचं मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण यात माझे हात भाजलेत. आम्हीही चौघं होतो. जुनी गाडी सगळ्यांनी मिळून घेतली, कागदावर एकाचं नाव. सरावाला गेलो असताना खडकावर आपटून इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फुटलं. ऑइल गेलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, इंजिन जाम. चालवत होता माझा मामेभाऊ. तो म्हणाला, वळण उशिरा सांगितलं. मी म्हटलं, वेळेवर सांगितलं होतं. तिसरा म्हणाला, चेंबरखाली पत्रा मारायचं ठरलं होतं, तो का नाही मारला? ज्याचं नाव कागदावर होतं तो काहीच बोलला नाही, आणि सगळ्यांत जास्त पैसे त्यालाच पडले. ती गाडी आमच्या धरमपेठच्या अंगणात निंबाखाली तीन वर्षं उभी होती. खारींनी सीटमधला स्पंज काढून घरटी केली. शेवटी भंगारवाला घेऊन गेला. माझ्या मुलीच्या लग्नाला तो चौथा आला होता, पाकीट दिलं, जेवायला थांबला नाही.

तेव्हा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून काढा. वकिलाकडे नाही गेलात तरी चालेल, पण लिहा. गाडी कोणाच्या नावावर आणि ती विकली तर पैसे कसे वाटायचे. ठोकली तर चालवणाऱ्यानं किती भरायचं आणि बाकीच्यांनी किती. माझं मत असं की मोडतोड सगळ्यांनी सारखी भरावी, नाहीतर चालवणारा भीत भीत चालवतो किंवा लपवतो. दारू पिऊन किंवा ठरलेलं मोडून ठोकली, तर मात्र सगळी त्याची. कोणी मधेच सोडलं तर त्याला काय मिळेल. सोडणारा एक निघतोच. लग्न ठरतं, बदली होते, पुण्याला नोकरी लागते. गॅरेजवाल्याच्या मजुरीचाही हिशेब लिहा. ‘आपल्याच घरचं आहे’ म्हणून वडिलांची रॅम्प अडवून ठेवायची आणि गिऱ्हाइकाची गाडी बाहेर उन्हात, हे दोन महिने चालेल, तिसऱ्या महिन्यात काका हाकलतील. बरोबर करतील.

एस्टीमबद्दल थोडक्यात. निवड वाईट नाही. हलकी आहे, तेराशेचं इंजिन साधं आहे, आपल्याकडे वर्षानुवर्षं हौशी लोकांनी रॅलीत आणि ट्रॅकवर ती पळवली आहे. पण २००५ ची म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपली. विकणाऱ्यानं पुन्हा पासिंग करून ग्रीन टॅक्स भरला आहे का, ते आरसीवर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि एकदा आतल्या सीट काढून रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी पिंजरा, वेल्ड केला की ती रस्त्याची गाडी राहिली नाही. मनाला येतील ते बदल करून रस्त्यावर आणली तर तोही वेगळा गुन्हा. म्हणजे रोजच्या वापराची एक आणि रेसिंगची एक, अशा दोन गाड्या सांभाळायची तयारी असेल तेव्हाच तिच्याकडे वळा.

घ्याल तेव्हा पैसे इंजिनात घालू नका. तुमचा वाडीवाला आधी एअर फिल्टर आणि सायलेन्सरची भाषा करेल, सगळे तीच करतात. पहिले पैसे टायर, ब्रेक आणि डोकं यांचे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो. ब्रेक ऑइल बदला. डॉट थ्री प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना २०५ अंश, डॉट फोरचा २३०. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हे आकडे पुष्कळ खाली येतात. ऑइलला उकळी फुटली की पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. आपल्या नवतप्यात, बाहेर पंचेचाळीस असताना, हे तपासायला जाऊ नका. सरावाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हेल्मेट मोटरसायकलचं चालणार नाही. कारच्या शर्यतीचं हेल्मेट आगीच्या दृष्टीनंही तपासलेलं असतं, त्यावर तसा शिक्का असतो. सेकंडहँड हेल्मेट कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही, ते आधी कुठे आपटलं हे विकणारा सांगत नसतो.

घरी सांगायचं की नाही हे तू विचारलेलं नाहीस, नुसतं लिहून टाकलंस. सांग. आईला ‘रेसिंग’ म्हटलं की समृद्धीवरच्या अपघाताच्या बातम्या आठवणार, त्यात तिची चूक नाही. पण पहिल्या रविवारी मागच्या सीटवर तिलाच घड्याळ देऊन बसव. फोडणीची मोहरी तडतडायच्या आत दुसऱ्या गॅसवरचं दूध उतरवणारी बाई आहे ती, सेकंदांचं तिला तुझ्याहून जास्त कळतं. आणि ३६ च्या सरासरीनं तिचा मुलगा गाडी चालवतोय हे तिनं पाहिलं की पुढचं बोलणं सोपं होईल. तर्री पोह्यांचे पैसे मात्र तू द्यायचे.

नावाचं नंतर बघू. आधी स्टिकर छापून मग गाडी शोधणाऱ्या टीम मी पुष्कळ पाहिल्या. आठ रविवारांचे कागद मला पाठव, सेकंदांसकट, खाडाखोड असेल तशी. आणि पहिल्या खेपेला रामटेकला पोचलात की खिंडसीवर फोटो काढायच्या आधी चारही चाकांजवळून हात फिरवा, लावू नका, नुसता जवळून. एखादं चाक बाकी तिन्हींपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर त्याचा ब्रेक धरून राहतोय. तिथून परत येताना हळू या आणि सोमवारी वाडीला दाखवा.

तुझी,
मावशी